कुलूप शाबूत आहे

अकरा दिवस चाललं.
बाराव्या रात्री पडद्यावर चकती फिरत राहिली
आणि कियुमर्सच्या तान्ह्या मुलीची जांभई
अर्ध्यातच थांबली.

बाबा म्हणाले, तिला पुरतं झोपू तरी द्यायचं.

माझा भाऊ गोथेनबर्गला असतो.
त्याच्या जिन्याखाली, बर्फातल्या बुटांशेजारी
एक छोटा संगणक रात्रंदिवस घरघरतो.
त्याच्यापर्यंतची वाट त्यानं एका ओळीत पाठवली होती:
आकडे, अक्षरं, कीबोर्डवरून मांजर चालत गेल्यासारखी.
ती मी इथे कायेनला, दुकानाच्या वहीत
हाजी नोसरतच्या उधारीमागे उतरवून घेतली.
"हे कुणाच्या बापाला फुटणार नाही," तो म्हणाला होता.
खरंच होतं.
अजूनही खरं आहे.
कुणी फोडलंच नाही.

मग साध्या फोनवर तो जपून बोलला,
सोयरीक मोडल्याची बातमी सांगावी तसा:
"रात्री तीनला दारावर कुणी आलं होतं गं.
नाव सांगेना. अर्धंच वाक्य, तेही बरळल्यासारखं.
माझा गडी गप्प बसला,
शिकवलंच होतं मी त्याला तसं.
पुन्हा टकटक. पुन्हा गप्प.
सात वेळा, मोजून तेवढेच सेकंद."

मी ऐकत होते.
कुठल्या घरात इतकी शिस्तीची शांतता असते?
कुत्रं भुंकतं, कुणी खाकरतं,
आतून बाई ओरडते, पलीकडचं दार बघा.
आलेला माणूस काही न बोलता परतला
आणि दारावर खडूची फुली मारून गेला.

झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात.
पण ज्या बाजारात सगळे हात हलवत चालतात
तिथे मिटलेली मूठ लांबूनच दिसते.

बाबांना हे समजावत होते तेव्हा
ते केशराच्या डब्या रचत होते.
"यात नवल काय?"
एक डबी उचलली, झाकण न काढता
कानाशी हलवली.
"ही ओली. वजनासाठी पाणी मारलंय."
दुसरी. "हिच्यात मक्याचे केस."
तिसरी नुसतीच तळहातावर तोलली आणि बाजूला सारली.
"उघडायचं कशाला?
वजन सांगतं, आवाज सांगतो,
कोण किती वाजता घेऊन आला, तेही सांगतं."

मग कियुमर्सनं सोंग बदललं.
आता आमची वाट म्हणजे भरतकामाच्या धाग्यांचं दुकान,
पाटी खरी, रेशमाचे फोटो खरे,
टकटक केली तर किरमिजी लडीचा भाव सांगणारं.
आम्ही खूप हसलो.
त्या गुरुवारी लालेनं माझ्याकडे बघून जीभ काढली.

पण धागे विकत घ्यायला
दोन-दोन तास कोण बसतं, तेही दर गुरुवारी रात्री नऊला?
आणि सुईदोऱ्याच्या दुकानातून
एवढा जड माल कुणाच्या घरी जातो?
हे सुचायला मला उशीर झाला.

तसा त्यानंही फरक पडला नसता.
शहरात मुलं रस्त्यावर उतरली त्या आठवड्यात
सोंग तपासायला कुणी थांबलंच नाही.
धाग्यांचं दुकान, परदेशातली इस्पितळं,
हवामानाचा अंदाज,
ओळखीचं नसलेलं सगळं एका दुपारी बंद.
चोर सापडेना म्हणून गल्लीच उखडली.

माझी आई असती तर विचारलं असतं,
काय होतं त्यात, एवढं भिण्यासारखं?
एक जांभई. एक जीभ.
त्यातलं एक अक्षर त्यांनी वाचलं नाही.
कुलूप शाबूत आहे,
पेटीच नदीत टाकली.

लालेला आता दात येत असतील.
कियुमर्स तिसरी वाट शोधतोय, म्हणतो, थांब.
वहीतली ओळ मी खोडली,
पानामागची हाजीची उधारी तशीच आहे.

बाबा मात्र गुरुवारी नऊच्या आत दाढी करतात,
इस्त्रीचा सदरा घालून बसतात.
मध्येच फोन हातात घेतात
आणि डबीसारखा कानाशी हलवून बघतात.

"रिकामा नाहीये," म्हणतात.