मनगटाचं माप

फेब्रुवारीत तासगावची हवा
बेदाण्याला मानवते.
शेडच्या जाळीवर द्राक्षं पंधरा दिवसांत सुकतात,
आपले ओठ दोन दिवसांत.
टेरिकॉट कापताना तुकडा कात्रीला चिकटून वर येतो,
झटकला तर बाहीला जाऊन बसतो.
याच हवेत निहालचे तीन बोर्ड मेले.

तळहाताएवढे, हिरवे,
शेडमध्ये ओल किती ते मोबाईलवर सांगणारे.
जळाल्याचा वास नाही, डाग नाही.
पुण्याच्या दुकानदाराला तो फोनवर काय काय बोलला
ते मी शिलाई मशीन जोरात मारून ऐकलं नाही.

चौथा उघडला तेव्हा मी शेजारीच काजं करत होते.
अंगात नायलॉनचा ट्रॅकसूट, बुडाखाली प्लॅस्टिकची खुर्ची,
टेबलावर थर्माकोल,
का, तर बोर्डाला ओरखडा नको.
तो उठला, खुर्ची घासली, हात पुढे गेला
आणि चट्.
दातानं दोरा तोडावा, एवढंसं.

"काही नाही काकू, रोजचंच आहे."
अरे, रोजचंच आहे म्हणून तर.

रात्रभर वाचून सकाळी आला, डोळे लाल.
म्हणाला, आपल्याला चटका कळतो
तेव्हा यांच्यावर वीजच पडलेली असते.
आपल्याला कळतही नाही
तेवढ्यानंसुद्धा जातात.
आणि कधी जात नाहीत, नुसते दुखावतात,
महिनाभर नीट चालतात
आणि एका दुपारी गप्प.
मी सुईत दोरा ओवत होते. दोनदा चुकला.

मग पट्टा शिवला.
परकराचं इलॅस्टिक, आतून स्टीलचं टिचबटण,
कातडीला टेकेल असं.
त्यानं बटणाला वायर डाखली,
मधे तांदळाएवढा एक रेझिस्टर, दहा लाख ओहमचा.
"हा कशाला?"
"दुसरा हात चुकून लाईनला लागला,
तर मी राहावा म्हणून."
हे आधी सांगायचं नाही का!
तिथली शिवण मी उसवून दुहेरी मारली.

वायर भिंतीतून मागच्या अर्थिंगच्या खड्ड्यात.
मीठ, कोळसा, वर रोज एक कळशी पाणी,
आणि ते काम अर्थातच माझ्याकडे.

पाचवा बोर्ड चंदेरी पिशवीत आला.
ट्रॅकसूट खुंटीला, अंगात मांजरपाटाचा सदरा,
थर्माकोल भंगारवाल्याला.
लाकडी पाटावर काम चाललं. मधेच फोन वाजला,
हा उठला, आणि पट्ट्यानं
दाव्याच्या वासरासारखा मागे ओढला.
मी हसले. तोही हसला, पण नंतर.

संध्याकाळी मोबाईलवर आकडा आला: एकोणीस टक्के.
आज चालतोय. एवढंच म्हणायचं.

आता आयटीआयची अकरा पट्ट्यांची ऑर्डर आहे,
तीस रुपये नग, वायर त्यांची.
मापाच्या वहीत ब्लाउजांनंतर एक पान कोरं सोडून
नवं सुरू केलं.
पोरं दारात रांगेनं उभी, मनगटं पुढे.
टेप लावण्याआधी मी अंगणातल्या लोखंडी नळाला हात लावते.
माप घ्यायला त्याची गरज नाही, मला माहीत आहे.

इरफाना मुल्ला, साडेपाच इंच,
बांगड्यांच्या आतून.
रेवण कोष्टी, सात.
डाव्या हातानं काम करतो,
पट्टा उजव्याला.