बिगी

तिसऱ्या गेटापलीकडं, उद्यमबागच्या वळणावर
पत्र्याचं शेड. पाटीवर वर कन्नड, खाली मराठी,
दोन्हींवर एकाच हाताचं ग्रीस.

सोळाव्या वर्षी येळ्ळूरहून सायकल मारत आलो.
पहिल्याच दिवशी बसलिंगण्णा गाडीखालून ओरडला,
'बिगी!'
आमच्या घरात बिगी म्हणजे लवकर.
आई म्हणायची, बिगीबिगी जेव, बस चुकंल.
मी बिगीबिगी आवळले
प्रोपेलर शाफ्टचे चारही बोल्ट,
कपाळावरचा घाम नाकावर यायच्या आत.

त्याच्या घरात बिगी म्हणजे घट्ट.

इनास ड्रायव्हर ती अ‍ॅम्बेसेडर घेऊन
जांबोटीला निघाला, आणि पिरनवाडीच्या पुढं
गाडीच्या पोटाखाली कुणी डबा बडवायला लागलं.
संध्याकाळी मी आणि बसलिंगण्णा
रस्त्याच्या दोन कडांनी, माना खाली घालून,
पडलेला बोल्ट शोधत चाललो.
शिवी कधी येते याची मी वाट बघत होतो.
बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं,
'तुमच्यात काय म्हणत्यात मग त्याला?'
घट्ट, म्हणालो.
'गट्टि,' तो म्हणाला. 'आमच्यात बी हाय की ते.'
बोल्ट काही सापडला नाही.

पुढच्या खेपेला मी भ्यालो.
पान्याला हातभर पाइप चढवला
आणि अख्खा लोंबकळलो.
तुटायच्या आधी बोल्ट मऊ लागतो.
हाताला वाटतं, बसतोय अजून, बसतोय,
आणि तो आतल्या आत लांबत असतो
काहिलीतल्या पाकाच्या तारेसारखा.
मग कट्.
मुंडकं माझ्या हातात, धड फ्लँजमध्ये.
ते ड्रिलनं काढण्यात रात्रीचे अकरा वाजले.

तेव्हा त्यानं कपाटातून काढला
जुन्या स्वेटरात गुंडाळलेला टॉर्क पाना,
बंद पडलेल्या फौंड्रीच्या लिलावातला.
'आटे पूस आधी. तेल ऱ्हायलं तर पाना खोटं बोलतो.
एक लाव, मग त्याच्या समोरचा, मग आडवे दोन.
चारही चारावर आण. मग सातावर.'
मूठ फिरवून त्यानं रेघ सात किलोवर नेली.
मी ओढलं.
मनगटात एक टिचकी बसली,
कुणी दार उघडण्याआधी कडी वाजावी तशी,
आणि तो म्हणाला, 'साकु.'

बास.
अंगात जोर शिल्लक होता.
तो तसाच खांद्यात ठेवून
हात मागं घ्यायचा, हे जमायला
मला दोन पावसाळे लागले.

काम झालं की पाना शून्यावर.
ताणून ठेवलेली स्प्रिंग
उद्या सातला सात म्हणत नाही.

आता बसलिंगण्णाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
दारात स्टुलावर बसतो, गुडघ्यावर चहाचा ग्लास,
इंजिन ऐकून गाडी कुठल्या पंपावर भरली ते सांगतो,
निम्म्या वेळा चुकतो.

कालची गोष्ट. कोल्हापूर पासिंगची बोलेरो खड्ड्यावर.
मधेच हलगेकर सरांचा फोन:
क्लच कधी, किती, कमी होतंय काय.
बोललो. खड्ड्यातून वर आलो. बिल लिहिलं.
पाना पुसला, शून्यावर आणला,
स्वेटरात गुंडाळायला घेतला.
दारातून आवाज आला,
'नाल्कनेदु?'

चौथा?
लावला की, म्हणालो.
तो काही बोलला नाही.
ग्लासावर नखानं वाजवलं,
एक, दोन, तीन,
आणि थांबला.

मी परत खाली उतरलो.
बॅटरी मारली.
पिवळ्या रंगाची खूण तीनच डोक्यांवर.
चौथा बोटानं फिरत होता.