एकशे चौदावा किलोमीटर

उणे सदतीस.
पाणी गोठतं, म्हणून हिवाळ्यात
आम्ही रुळाच्या माथ्यावर स्पिरिटची धार सोडतो.
त्याशिवाय आवाज पोलादात उतरत नाही.
माझ्यातही उतरत नाही, एर्मुखान म्हणतो.
डब्याला कुलूप मी घालते.

डावीकडे गोठलेलं बल्खाश,
हातात ढकलगाडी,
कानटोपीखाली हेडफोन, त्यात एकसुरी गुणगुण.
ती मोडली की थांबायचं.
एवढीच नोकरी.

काल रात्रीपर्यंत या पट्टीवरून गेलं
बेचाळीस कोटी टन:
कोळसा, तांबं, गहू,
सैन्यात निघालेली पोरं, एकदा एक सर्कस.
रूळ सगळ्यांखाली केसभर वाकला
आणि गाडी गेल्यावर सरळ झाला,
जसं काही झालंच नाही.

करागांदाच्या तांत्रिक शाळेत झिनाइदा कार्लोव्हनाने
फळ्यावर एक उतरती रेघ काढली होती,
शेवटी आडवी झालेली.
"ताण या रेघेखाली ठेवा, पोलाद कधीच थकणार नाही."
मी वहीत उतरवून घेतलं, घरी येऊन आईला सांगितलं.
ती तांब्याच्या कारखान्यातून दुसरी पाळी संपवून
बूट ओढून काढत होती.
म्हणाली, "आणि ताण कोण मोजतं?"

हजारातले नऊशे नव्व्याण्णव टिकतील
असं पुस्तक म्हणतं, आणि ते खरं आहे.
मी त्या हजाराव्याची चाकर.

एकशे चौदाव्या किलोमीटरला गुणगुण तुटली.
मागे आले. पुन्हा गेले. पुन्हा तुटली.
वरून काहीच नाही,
माथा इतका लख्ख की टोपी त्यात दिसावी.
आत बोटभर खोल, घेवड्याच्या बीएवढं काहीतरी.
भट्टीतून निघतानाच पोटात घेऊन आला असणार
हायड्रोजनचा बुडबुडा,
पिठात राहिलेल्या गुठळीसारखा.

खडूने फुली मारली. वायरलेसवर सांगितलं.
पाच पन्नासची कोळसागाडी सिग्नलला अडकली,
ड्रायव्हरने माझ्या सात पिढ्या काढल्या.
मीही दोन काढल्या.

वर्कशॉपात तो तुकडा दाबाखाली मोडला
तेव्हा आत कडी दिसली,
ओंडक्यात असतात तशी, एकाभोवती एक.
"एक कडं म्हणजे एक हिवाळा?" एर्मुखानने विचारलं.
मला माहीत नव्हतं. मोजायचा प्रयत्न केला,
बाविसाच्या पुढे ती एकमेकांत मिसळली.
मधला भाग गुळगुळीत, घासून घासून चमकणारा.
भोवती बोटभर रुंदीची खडबडीत, करडी कड,
आताच मोडलेली.
सगळं तेवढ्यावरच धरलेलं होतं.

दुसरा अर्धा मी घरी आणला.
आई त्यावर अक्रोड फोडते.
हातोडी चुकून लोखंडावर बसली की वाजतो,
स्वच्छ, खणखणीत, खोलीभर.
ती हात थांबवून ऐकते.
"चांगला तर आहे गं," म्हणते,
"उगाच काढलात."