शेवटचे वीस फूट

बावीस वर्षं मी समुद्रात उतरलो.
जुहूहून उठायचं, तासाभरात तेलविहिरीच्या डेकवर
अलगद टेकायचं. डेक हलायचा,
पण वारा इमानी होता. समोरून यायचा,
सांगून यायचा.

इथे परळला वारा सांगत नाही.
एका टॉवरच्या काचेवर आपटतो,
दुसऱ्याच्या खांद्यावरून घसरतो,
आणि हॉस्पिटलच्या बाविसाव्या मजल्यावर पोचेस्तोवर
त्याला स्वतःलाच ठाऊक नसतं कुठून आलो.
गच्चीवरचा विंडसॉक मलूल, वाळत घातलेल्या बाहीसारखा,
आणि चाळीस पावलांवर क्रेनचं निशाण
फाटेपर्यंत फडफडतंय.
कुणाचं खरं मानू?

निनाद खोत शेजारून आकडे वाचतो.
एकशे वीस. शंभर.
डावीकडे घारी, एसींच्या गरम उच्छ्वासावर फिरणाऱ्या;
पंखही हलवत नाहीत मेल्या.
उजवीकडे काच, काचेतलं आमचंच हेलिकॉप्टर
आमच्याच अंगावर येणारं.
ऐंशी.
पॅडवर फिदेलिस, फोमच्या नळीशी,
हेल्मेटचा पट्टा दोनदा तपासून.
काही न घडण्याची वाट बघणं हीच त्याची नोकरी.

कडेपाशी खरी गंमत.
अर्धं पातं गच्चीवर, अर्धं पोकळीवर.
गच्ची हवेची उशी देते, पोकळी ती काढून घेते,
आणि यंत्र खांदा पाडतं,
अंधारात नसलेली पायरी उतरावी तसं.

तेव्हाच दिसली
शेजारच्या पुनर्वसनाच्या इमारतीची गच्ची,
थेट आमच्या वाटेखाली.
जुनं धोतर अंथरलेलं. त्यावर सांडगे.
एक बाई धोतराच्या टोकावर पाय रोवून,
दोन्ही हातांनी पदर धरून.
पळाली नाही, हातवारे नाहीत,
फक्त वर बघितलं,
न विचारता गच्चीचं कुलूप उघडणाऱ्याकडे बघावं तसं.

नकाशात ती गच्ची मोकळी होती.

'वर,' म्हणालो. निनादने कारण विचारलं नाही.
सांडगे किती उडाले, दिसलं नाही.
समुद्र दिसेपर्यंत दोघं गप्प.

रात्री फॉर्म भरला.
प्रयत्न: एक. निकाल: सोडून दिला.
कारणाच्या रकान्यात वारा, यंत्र, दृश्यमानता.
मी वाऱ्यावर खूण केली.
तसं खोटंही नव्हतं; कुणाचा वारा,
ते कुणी विचारलं नव्हतं.

मंगळवारी पुन्हा जायचंय.
निनादला म्हटलंय, सातलाच निघू,
डाळ वाटून व्हायच्या आत.