चुना

सँडविचच्या धक्क्याला आता समुद्र लागत नाही.
गाळानं बंदर गिळलं; उरला ओढ्याएवढा प्रवाह,
बदकं, आणि एक बाक.
चष्म्याच्या दुकानातली दुपारची सुट्टी
मी तिथं डबा उघडून घालवते.

सांगतात, बाराशे सतरात, ऑगस्ट सरताना
फ्रेंच गलबतं समोर आली
तेव्हा ह्यांनी वाऱ्याची वरची बाजू धरून
मडकी फोडली चुन्याची, त्यांच्या डोळ्यांत.
एका दुपारीत गादी वाचली.

समजा, वाऱ्यानं ऐनवेळी कूस बदलली.

चुनाभट्टीवाला वुल्मार घरी आला
हात पुढे धरून, स्वतःचंच दार चाचपत.
गोडेलिफनं त्याच्या डोळ्यांत लोणी भरलं.
मी असते तर ओरडले असते:
कोरडा चुना आधी झटक, मग पाणी,
वीस मिनिटं, हात थांबवू नकोस.
मी नव्हते.

शनिवारी बाजारात दवंडी झाली, नव्या राजाची.
तिला कळली नाही.
शेजारची सबीना म्हणाली, कर तोच आहे बहुतेक,
मागायची भाषा तेवढी गोड.

मग रेनो नावाचा कारकून आला, दुभाषा घेऊन.
डोव्हरची पडलेली भिंत बांधायची होती,
चाळीस गाड्या चुना, भाव दोन पेन्स खाली.
ती बरं म्हणाली.
रात्री चाळणीपाशी बसून
दर चार पाट्यांत एक पाटी
कच्च्या खडूची भुकटी मिसळत गेली.
राजाला चुना लावला तिनं, शब्दशः.
कण्हत वुल्मारनं विचारलं, कुणाचं काम?
भिंतीचं, ती म्हणाली.

तिचा नातू पुढे फ्रेंचमध्येच स्वप्नं पाहू लागला.
आजी बोलली की चारचौघांत खाली बघायचा.
(माझी लेक बघते तसं,
मी फोनवर गावाकडे मोठ्यानं बोलते तेव्हा.)

ती भिंत पुढे पडली का?
मला दिसत नाही. कल्पनेचीही नजर
एका अंतरापलीकडे अंधूक होते,
आणि त्याला नंबर काढून देता येत नाही.

दोन वाजत आले.
बदकांपुढे डबा झटकते,
तर भाकरीचं पीठ उलटून
माझ्याच डोळ्यात.
चोळू नका, असं रोज सांगते मी गिऱ्हाइकांना.
चोळते.