दोन पेले

परवा पेपर.
मुक्त विद्यापीठ, वय बेचाळीस,
विषय : मानवी विकासाचे टप्पे.
कोपरखैरण्याच्या खोलीत शिलाई मशीनवर पुस्तक उघडं,
समोर भावाचा रेयांश, साडेचार वर्षांचा,
आणि ओट्यावर कोकम सरबताचे दोन पेले.

'सारखंय?'
'सारखंय.'
मग त्याच्यादेखत एक पेला
मी ओतला उंच, अरुंद ग्लासात,
आहेरातल्या सेटमधला तो शेवटचा.
'आणि आता?'
'ह्यात जास्त.' उंच ग्लासाला बोट.
अगदी पुस्तकात दिल्यासारखं.
मी समासात बरोबरची खूण केली.
मुलांना बरेच दिवस कळत नाही म्हणे
की भांडं बदललं तरी आतलं तेवढंच राहतं.

तात्या भिंतीला टेकून बघत होते.
हैबती शेलार, माथाडी,
तुर्भ्याचा कांदा-बटाटा बाजार, एकतीस वर्षं.
मानेखालचा घट्टा अजून आहे,
उन्हाळ्यात खाजतो.

'पोरगं बराबर बोलतंय.'
'तात्या, सरबत तेवढंच आहे.'
'गोणबी तेवढीच आसायची. पन्नास किलो.
काट्यावर कधी इकडचं तिकडं न्हाई.
इसाव्या वर्षी शीळ घालत न्यायचो.
चाळिशीला पावलं मोजाय लागलो,
गाडीपास्नं गाळ्यापर्यंत अठ्ठेचाळीस.
तुझी आई गेली त्या म्हयन्यात तर
त्याच गोणीत कोण काय भरत हुतं, देव जाणे.
भांडं बदललं की माल बदलतो बाय.
लिव्ह तुझ्या पेपरात.'

पेपरात हे चालणार नाही.
पाच गुणांचा प्रश्न, उत्तर ठरलेलं.
खूण मी खोडली नाही,
शेजारी पेन्सिलीनं एक प्रश्नचिन्ह काढलं, बारीक.
मधल्या वयाचं प्रकरण अजून वाचायचंय.
आपल्याच वयाचं, सोपं जाईल,
म्हणून मागे ठेवलं होतं.

रेयांशनं उंच ग्लास पळवला,
मिशा लाल करून घेतल्या
आणि 'जास्त होतं, तरी संपलं' म्हणत
खाली खेळायला गेला.

तात्यांचा हात हल्ली कापतो.
त्यांचा पेला मी अर्धाच भरते,
सांडू नये म्हणून.
तो अर्धा पेला त्यांनी
आधी नीट पाहिला,
पाय जरा फाकवून बसले,
श्वास घेतला,
आणि दोन्ही हातांनी उचलला.