सहावा दगड

हनुवटी इथं टेकवा, मशीनवरची पोरगी म्हणाली,
कपाळ पट्टीला लावा. आत हिरवी फुली दिसंल,
तिच्याकडंच बघा.
मन्मथनं हनुवटी टेकवली
आणि डोळे गच्च मिटून घेतले.

फुली बघायलीय मला, म्हणाला.

अंबाजोगाईचा दवाखाना, दुपारचे बारा.
बाहेर बाकावर मोतीबिंदूची म्हातारी माणसं
डोळ्यात थेंब घालून छताकडं तोंड करून बसलेली.
मी त्याच्या मानेवर हात ठेवला,
लहानपणी उवा काढताना ठेवायचे तसा.

मनाच्या डॉक्टरांनी इकडं पाठवलं होतं.
अभ्यास चाललाय, तुमची इच्छा असेल तरच.
बुबुळातून उजेड आत सोडायचा,
मागच्या पडद्याचे थर मोजायचे.
मेंदूचाच पदर तो, म्हणाले,
एवढाच उघड्यावर आलेला.
मन्मथ बराच वेळ गप्प. मग म्हणाला,
सर, बोलतात ते तर कानात.
डोळा कशाला तपासायलाव?
डॉक्टर हसले नाहीत.
म्हणून मी सही केली.

तिसऱ्या खेपेला त्यानं डोळा उघडा ठेवला,
दोन सेकंद, फार तर तीन.
तेवढ्यात आलं कागदावर:
घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलाय तसे थर,
आणि खाली एक गोल,
हिरवा, पिवळा, वरच्या अंगाला लाल.

चौदा वर्षं अंगणवाडीत काढलीत मी.
हे तीन रंग मला कुणी शिकवायला नकोत.
पोर काट्यावर ठेवायचं, टिंब द्यायचं,
लालात गेलं तर लगेच आईच्या तोंडाकडं बघायचं नाही.
आज टिंब माझ्या घरचं होतं.

सत्त्याहत्तर. मायक्रॉन.
म्हणजे केवढं? मी विचारलं.
केसाएवढं म्हणा.
आणि पाहिजे किती?
केसापेक्षा थोडं जाड.

अकरा वर्षांमागं, येळवशीला,
कडब्याच्या कोपीत पाच पांडव मांडले होते,
चुना लावून, ओळीनं.
भज्जी, आंबील, सगळं शिवार जेवायलं होतं.
मन्मथनं बांधावरून सहावा दगड आणून ठेवला.
हा कोण रे, मामा म्हणाला, कर्ण का?
सगळे हसले. मीही.
हा बघणारा, मन्मथ म्हणाला,
आणि जेवला नाही.

मग लोकांनी नावं ठेवली.
सोंग. बाहेरचं. कामाचा कंटाळा.
चुलत्यानं एकदा कानाखाली ओढली,
आवाज निघून जावेत म्हणून.

तो कागद मला चौकट करून लावायचा होता.
चुलत्याच्या उंबऱ्यात उभं राहून म्हणायचं होतं,
घ्या, मोजून आणलंय.

डॉक्टरांनी ओळखलं असावं.
ताई, म्हणाले, एकट्याच्या कागदावरून आजार सांगता येत नाही.
शेकडो डोळे शेजारी ठेवले तर फरक दिसतो, तोही बारीक.
साखरेनं पातळ होतो पडदा, चष्म्याच्या नंबरानं होतो.
आणि आधी काय बिघडलं,
ते आम्हालाही माहीत नाही.

माहीत नाही.
इतकं सरळ कुणी बोललं नव्हतं अकरा वर्षांत.
देवऋषी नाही, मामा नाही, मी नाही.

स्टँडवर ऊन त्याला सोसेना, थेंबांमुळं.
माझा पदर डोक्यावर ओढून बसला,
पस्तिशीचा बाप्या. पोरं बघायली होती, बघू दिलं.
कागद मागितला. पदराखालीच धरला, डोळ्याजवळ.
यात तो दिसायलाय का, म्हणाला.
कोण?
सहावा.

थरांच्या मधोमध एक खळगा होता.
तो सगळ्यांनाच असतो, पोरगी म्हणाली होती,
तिथूनच तर नीट दिसतं.
मन्मथनं खळग्यावर बोट ठेवलं.
इथं बसायचा.
आणि आता?
गोळी घेतली की उठून जातो.
जागा राहती.

लातूरची गाडी लागली.
त्यानं रुमाल टाकून दोन जागा धरल्या,
खिडकीची मला दिली.